मॅन्युअलच्या आधी रोस्टर: रुग्णालयात क्वालिटीचं काम नव्याने हाती आलेल्यांसाठी

मुंबईच्या उपनगरांतल्या तीस-चाळीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये हे असंच घडतं. मालक डॉक्टर एके दिवशी राउंड संपवून केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "आपल्याला एनएबीएच करायचंय. उद्यापासून क्वालिटी तुम्ही बघा." एनएबीएच म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाची मान्यता. समोर बहुधा आयसीयूची इन्चार्ज सिस्टर असते, नाहीतर एमएचए (रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी) करून नुकतीच लागलेली मुलगी, किंवा त्यातल्या त्यात बरं अक्षर असलेला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक पेनड्राइव्ह येतो. त्यात कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयाची मॅन्युअल्स असतात. फक्त लोगो बदलायचा, बाकी सगळं तयार.

मी त्यातली पहिल्या प्रकारची. आमच्या पहिल्या असेसमेंटला, म्हणजे एनएबीएचच्या तपासणीला, असेसर बाईंनी मॅन्युअल चाळता चाळता विचारलं, "तुमचा रेडिओथेरपी विभाग कुठल्या मजल्यावर आहे?" आमच्याकडे दोनच मजले होते आणि खाली मेडिकल स्टोअर. त्या दिवसापासून मी कोणाचाही पेनड्राइव्ह घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

आधी तुमचं गणित कोणतं ते पाहा

हा भाग झटकन उरकू. एनएबीएच हे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखालचं मंडळ. 50 खाटांपर्यंतच्या संस्थांसाठी त्यांची वेगळी मानकं आहेत, त्यांना एसएचसीओ म्हणतात. त्याहून मोठ्या रुग्णालयांसाठी पूर्ण मानकं. त्यांची सहावी आवृत्ती जानेवारी 2025 पासून लागू झाली. त्यात 10 प्रकरणं, 100 मानकं आणि 639 घटक आहेत. आकडा पाहून घाबरू नका. त्यातले 'कोअर' म्हणून दाखवलेले घटक आधी वेगळे काढा, कारण तिथे चूक चालत नाही. बाकीचं टप्प्याटप्प्यानं येतं. अगदीच सुरुवात असेल तर एन्ट्री लेव्हलचं प्रमाणपत्र हाही एक रस्ता आहे. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात असाल तर तुमची भाषा वेगळी: एनक्यूएएस ही सरकारी दर्जा मानकं, स्वच्छतेसाठी 2015 पासूनचं कायाकल्प, प्रसूतिगृहासाठी 2017 पासूनचं लक्ष्य.

परवान्यांची फाइल पहिल्याच आठवड्यात तपासा. नर्सिंग होमची नोंदणी (1949 च्या कायद्याखाली, मुंबईत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून), जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, अग्निशमन, लिफ्ट, सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानविरोधी कायदा), एक्स-रे असेल तर एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ). प्रत्येकाची मुदत कधी संपते ते एका कागदावर लिहून अकाउंट्सच्या भिंतीवर लावा. तुमच्या भिंतीवर नको. पैसे तिथून निघतात.

मग रोस्टर मागा

आता मुख्य गोष्ट. मेट्रनकडून मागच्या तीन महिन्यांचं ड्यूटी रोस्टर, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी याचा तक्ता, मागा. ठरवलेलं नव्हे, प्रत्यक्षात झालेलं, खाडाखोडीसकट. हे का, ते माझ्याच एका सकाळीवरून सांगते.

जुलै महिना. दुपारी दोनला इव्हिनिंगला आले होते. रात्री माझी रिलिव्हर आली नाही, कुर्ला-सायनमध्ये रुळांवर पाणी भरलं होतं आणि ती ठाण्याला अडकली होती. मग नाइटही मीच. सकाळी सहाला, म्हणजे सोळाव्या तासाला, एका आजोबांना दहा युनिट इन्शुलिन द्यायचं होतं. इन्शुलिन पेनच्या सुया संपल्या होत्या, म्हणून मी पेनच्या कार्ट्रिजमधूनच सिरिंजनं इन्शुलिन ओढलं. बरोबरची ट्रेनी हळूच म्हणाली, "सिस्टर, ही लाल टोपी आहे."

लाल टोपीची सिरिंज 40 युनिटवाल्या व्हायलसाठी असते, नारिंगी टोपीची 100 युनिटसाठी. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीलिटरला 100 युनिट असतात. लाल सिरिंजवर दहाच्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिलीलिटर येतं, म्हणजे प्रत्यक्षात 25 युनिट. अडीचपट. आजोबा उपाशी होते.

मला हा फरक माहीत नव्हता का? चांगला माहीत होता, मी तो विद्यार्थिनींना शिकवत असे. त्या दिवशी कमी पडलं ते ज्ञान नव्हतं, झोप होती. असेसमेंटची तयारी म्हणजे ट्रेनिंगवर ट्रेनिंग असं सगळ्यांना वाटतं. दमलेल्या माणसाला आणखी एक पीपीटी दाखवून काय होणार?

म्हणून रोस्टरवर तीन गोष्टी रंगीत पेनानं गोल करा: डबल ड्यूटी किती, नाइट करून दुसऱ्याच सकाळी परत बोलावलेल्या किती, आणि रद्द झालेले ऑफ किती. मग हा हिशेब मांडा. एका जागेवर चोवीस तास एक सिस्टर हवी असेल तर आठवड्याला 21 शिफ्ट भरायच्या. एक सिस्टर आठवड्याला सहा करते. म्हणजे साडेतीन सिस्टर. त्यात रजा, आजारपण, नाइटनंतरचे ऑफ धरले की चार ते साडेचार. बहुतेक नर्सिंग होमांत तीन असतात आणि उरलेलं डबल ड्यूटीतून निघतं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्वतंत्र सिस्टर लागते. तिथे हा हिशेब आणखी टोचतो.

हा कागद घेऊन मालकांकडे जा. "स्टाफ कमी आहे" हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलंय, त्याला काही किंमत उरलेली नाही. "मागच्या महिन्यात 19 डबल ड्यूट्या झाल्या आणि त्यातल्या 7 आयसीयूत" असं म्हणालात तर ते चष्मा काढून बघतात.

मुंबईत आणखी एक काम करा: पावसाळी रोस्टर. आपला निम्मा स्टाफ बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरारहून येतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा जे वॉर्डात होते ते तिथेच राहिले. जून ते सप्टेंबर प्रत्येक शिफ्टमध्ये निदान दोघंजण चालत पोचू शकतील अशा अंतरावरचे ठेवा. अडकलेल्यांसाठी झोपायची जागा, कोरडे कपडे आणि खिचडीचा शिधा लिहून ठरवून ठेवा. ही तुमची आपत्ती योजना. पेनड्राइव्हमधल्या योजनेत भूकंपावर चार पानं होती, पावसावर एक ओळ नव्हती.

ओव्हर: गाडीच्या वेळेशी बांधलेली दहा मिनिटं

नाइटची सिस्टर आठला सुटते, तिला 8:22 ची फास्ट पकडायची असते. मॉर्निंगवाली 8:05 ला धापा टाकत येते. मधल्या वेळात वीस पेशंटचं ओव्हर, म्हणजे एका शिफ्टनं दुसरीला माहिती सोपवणं. "तीनला अँटिबायोटिक दिलंय, सातचा ड्रेन बघ, बाकी सगळं सेम." या 'बाकी सगळं सेम'मध्ये किती माणसं हरवतात, ते विचारू नका.

उपाय उपदेशाचा नाही, वेळेचा आहे. शिफ्ट पंधरा मिनिटांनी एकमेकींवर चढवा आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या. ओव्हर खाटेशेजारी उभं राहून द्या. आयएसबीएआर नावाचा साचा सगळीकडे चालतो: कोण पेशंट, आत्ता काय स्थिती, आधीचं काय, तुमचं निरीक्षण काय, पुढे काय करायचं. आम्ही त्याचं पॉकेट कार्ड मराठीत काढलं, कारण इंग्रजी कार्ड पाहून मुली वाचतात, मराठी पाहून बोलतात. ड्रिप, कॅथेटर, ड्रेन यांना दोघींनी मिळून हात लावून बघायचं. नातेवाईक जागा असेल तर त्यालाही ऐकू द्या, तो हमखास एखादी सुटलेली गोष्ट सांगतो.

ओळख पटवताना खाट नंबर कधीच नाही. नाव आणि यूएचआयडी (पेशंटचा रुग्णालयातला नोंदणी क्रमांक), दोन्ही, आणि नाव पेशंटकडून वदवून घ्यायचं. "तुम्ही जाधव ना?" असं विचारलं तर अर्धवट शुद्धीतला माणूस सावंत असला तरी मान डोलावतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा. एका वॉर्डात दोन जाधव आले की दोघांच्या फाइलला रंगीत पट्टी.

औषधांची ट्रॉली

जोखमीच्या औषधांची यादी लहान ठेवा. पन्नास औषधांची यादी कोणी पाळत नाही. इन्शुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिनसारखी औषधं, रक्तदाब वाढवणारे व्हॅसोप्रेसर: इतक्यानं सुरुवात पुरे. पोटॅशियमचं दहा मिलीलिटरचं ॲम्प्यूल बाकीच्या ॲम्प्यूलसारखंच दिसतं, आणि पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. ते वॉर्डाच्या ट्रॉलीतून काढा. फार्मसीत किंवा आयसीयूत कुलपात ठेवा, दोघींच्या सहीनं द्या. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल, होऊ द्या.

इन्शुलिनपुरतं सांगायचं तर वॉर्डात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवा. दोन्ही ठेवून वर 'काळजी घ्या' अशी चिठ्ठी लावणं म्हणजे जिन्याची पायरी मोडकी ठेवून खाली देवाचा फोटो लावणं.

ओटीत सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट वापरली जाते का, हे फाइलवरून कळत नाही. तिथे सगळ्या टिक असतात, कधीकधी पेशंट टेबलावर यायच्या आधीच. एकदा आत जाऊन उभे राहा. टाइम आउटच्या वेळी, म्हणजे चिरण्याआधी सगळ्यांनी थांबून खात्री करायची तेव्हा, सर्जन थांबतो की बोलता बोलता चाकू मागतो, तेवढं बघा.

घटना नोंदवायला शिकवा, आधी मेट्रनला

माझ्या इन्शुलिनच्या प्रकाराची कुठेच नोंद झाली नाही. मी लिहिली नाही, ट्रेनीनं तर नाहीच. "मॅडम ओरडतील" हे एकच कारण. त्या रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये त्या वर्षी औषधचुका शून्य होत्या.

शून्य पाहून असेसर खूश होत नाहीत, हे नवीन माणसाला पटायला वेळ लागतो. तीस खाटा भरलेल्या, वर्षभर कोणी पडलं नाही, कोणाला चुकीचा डोस गेला नाही, कोणाला सुई टोचली नाही? मग नोंदच होत नसणार. पडण्याचं प्रमाण हजार रुग्णदिवसांमागे मोजतात. रोज सरासरी 30 पेशंट आणि 30 दिवस म्हणजे 900 रुग्णदिवस. त्यात दोनजण पडले तर दोन गुणिले हजार भागिले 900, म्हणजे 2.2. आकड्यापेक्षा कधी आणि कुठे पडले ते लिहा. आमच्याकडे बहुतेक जण पहाटे चार ते सहाच्या दरम्यान बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडत. उंबरा काढला, नाइटला पहाटे एक 'सूसू राउंड' लावला. हे नाव मावश्यांनीच दिलं आणि तेच रूढ झालं.

फॉर्म एका पानाचा, मराठीत, नाव ऐच्छिक. फॉर्म आला की चोवीस तासांत त्या व्यक्तीला भेटा आणि पहिला प्रश्न "काय झालं?" असा विचारा, "कोणी केलं?" असा नको. मेट्रनबाईंना मात्र वेगळं बसवून समजवावं लागतं. त्या ज्या काळात शिकल्या तेव्हा चुकीला ओरडणं हीच सुरक्षितता होती. आमच्या मेट्रनबाईंनी स्वतःची तीस वर्षांपूर्वीची एक चूक सगळ्यांसमोर सांगितली, आणि त्या महिन्यात अकरा फॉर्म आले.

स्टाफचं अंग आणि मन

सुई टोचली तर: दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीचं पीईपी (लागण टाळणारं औषध) शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, आणि ते 28 दिवस घ्यायचं. रात्री अडीच वाजता टोचली तर गोळी कुठून आणायची, याचं उत्तर तुमच्याकडे आत्ता आहे का? नसेल तर आजच जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करून ते लिहून लावा. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन वेळा, आणि नंतर टायटर, म्हणजे लस लागू झाली का याची रक्ततपासणी. मावशी आणि सफाईचे मामा कंत्राटी असले तरी त्यांनाही. पिशवीतून बाहेर आलेली सुई आधी त्यांनाच टोचते.

हात धुण्याचं पोस्टर सगळीकडे असतं. पण हातांना चोळायच्या जंतुनाशक रबनं हात फुटलेली सिस्टर रब टाळते, हे पोस्टरवर नसतं. ट्रॉलीवर साध्या मॉइश्चरायझरची बाटली ठेवा. खर्च नगण्य. तसंच पाणी. बऱ्याच सिस्टर शिफ्टभर पाणी पीत नाहीत, कारण स्टाफचं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आणि वॉर्ड सोडायला दुसरं कोणी नाही. मग लघवीचा जंतुसंसर्ग, मग रजा, मग दुसरीला डबल. सगळं फिरून रोस्टरवरच येतं.

आणि सिस्टर कपडे कुठे बदलतात, ते स्वतः जाऊन बघा. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला तो रुग्णालयाच्या तळघरात, कपडे बदलत असताना. त्या 2015 पर्यंत तिथल्याच एका खोलीत पडून होत्या आणि केईएमच्या सिस्टरांनी त्यांची देखभाल केली. इतकी वर्षं झाली, तरी आजही कितीतरी नर्सिंग होमांत चेंजिंग रूम म्हणजे लिनन स्टोअरच्या मागची बिनकडीची खोली. कडी, दिवा, आतून वाजवता येईल अशी बेल: हे पहिल्या महिन्यात करून घ्या. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागतेच. तिच्या सदस्यांची नावं स्टाफला तोंडपाठ हवीत.

नातेवाइकांनी हात उचलला तर महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा. बोर्ड लावा, पण बोर्डानं मार थांबत नाही. मारामारी बहुतेक वेळा बिलावरून किंवा "डॉक्टर भेटतच नाहीत" यावरून पेटते. आयसीयूच्या नातेवाइकांना दिवसातून दोन ठरलेल्या वेळा डॉक्टरांनी भेटायचं आणि ते केस पेपरवर लिहायचं, एवढं पाळलं तर दारावरची वादावादी बरीच कमी होते. वाईट बातमी सांगताना सिस्टरला एकटं पाठवू नका.

एखादा पेशंट अचानक गेला, विशेषतः लहान मूल, तर त्या शिफ्टला दहा मिनिटं एकत्र बसवा. चहा द्या. चूक शोधायची बैठक दुसऱ्या दिवशी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक ड्यूटी रूमच्या आत लावा, कॉरिडॉरमध्ये नको. सगळ्यांसमोर तो कोणी टिपून घेत नाही.

इमारत

मुंबईत जागा नाही, म्हणून फायर एक्झिटच्या जिन्यात मोडक्या खाटा, सलाइनचे खोके, मालकांच्या मुलीची सायकल. मार्च 2021 मध्ये भांडुपच्या मॉलमधल्या रुग्णालयाची आग आणि महिनाभरानं विरारमधल्या आयसीयूची आग आठवा, आणि जिना आजच रिकामा करा. अग्निसुरक्षेचा फॉर्म बी जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. ड्रिल मात्र रात्रीच्या स्टाफबरोबर घ्या, सकाळी अकराला सगळे डॉक्टर हजर असताना नव्हे. जनरेटर तळघरात असेल तर 26 जुलै पुन्हा वाचा.

एमआरआय असेल तर ऑक्सिजनचं लोखंडी सिलिंडर आणि ते मशीन यांची कधीच गाठ पडता कामा नये. जानेवारी 2018 मध्ये नायर रुग्णालयात सिलिंडरसकट आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. दारावर थांबवण्याचा अधिकार वॉर्डबॉयपासून सगळ्यांना द्या.

असेसमेंटचा दिवस

अर्ज करण्याआधी किमान तीन महिन्यांच्या खऱ्या नोंदी हातात हव्यात. आदल्या रात्री बसून मागच्या तारखांच्या सह्या करू नका. एकाच पेनाची शाई तीन महिने सारखी चमकत नाही, आणि असेसर हे वर्षानुवर्षं बघत आलेले असतात.

ते तुमच्याशी कमी बोलतील. मावशींना विचारतील, "रक्त सांडलं तर काय करता?" मावशींनी व्याख्या सांगायची नाही, करून दाखवायचं: ग्लोव्हज, वर कागद, त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट, थांबायचं, उचलून पिवळ्या पिशवीत. दहा टक्क्यांचा कॅन असेल तर 100 मिलीलिटर द्रावण आणि 900 मिलीलिटर पाणी. कॅनवरची टक्केवारी आधी वाचायची, कारण पुरवठादार बदलला की ती बदलते. उत्तर येत नसेल तर "इन्चार्जना विचारून सांगते" हेही चालतं. थाप चालत नाही.

आदल्या रात्री कोणालाही डबल लावू नका. त्या दिवशी स्टाफचं जेवण वेळेवर होईल हे तुम्ही बघा. असेसरांच्या काजूकतलीचं मालक बघतील.

एनसी, म्हणजे मानकांत न बसणाऱ्या त्रुटी, निघतील, सगळ्यांच्याच निघतात. प्रत्येक एनसीसमोर कारण, केलेली दुरुस्ती आणि पुरावा लिहायचा. "स्टाफला पुन्हा ट्रेनिंग दिलं" ही दुरुस्ती प्रत्येक ओळीत आली तर फाइल परत येईल. फोटो जोडताना पेशंटचा चेहरा, नाव आणि यूएचआयडी झाका. आमची एक एनसी बंद होता होता याच चुकीमुळे दुसरी उघडली होती.